हर्शेलच्या फळीवरचं मशीन

सोमवार, ४ मार्च

सापडलं! हर्शेलच्या गहाणाच्या दुकानात, मागच्या फळीवर, बंदुका आणि बँजोंच्या मधे. पाण्याचं व्हॅक्यूम मशीन — ओढलेली धूळ खालच्या टाकीतल्या पाण्यात बुडते, हवेत परत येत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसलंच. नवऱ्याच्या, वर्जिलच्या फुप्फुसांत कोळशाच्या खाणीची तीस वर्षांची धूळ आधीच बसलीय. दवाखान्यातून घरी येईल तेव्हा गालिच्यातली आणखी नको. गालिचा उखडावा तर खाली फटीफटींच्या फळ्या, गारठ्यानं आजारी पडेल.

दारावर आलेला विक्रेता ह्याचेच तीन हजार डॉलर सांगून गेला होता. हर्शेल एकशेचाळीस म्हणतो. मला नवल नाही. लोक गोड बोलण्याला भुलून हप्त्यानं घेतात आणि चार महिन्यांत गहाण टाकतात. आजवर अशी तीन घेतली मी — दोन बहिणींना, एक चर्चला. एकही बिघडलं नाही. आधी चालू करून वास घ्यायचा. जळका आला तर मोटर गेली. मग नळीच्या तोंडाला तळहात लावायचा, त्यानं धरून ठेवला पाहिजे. ह्यानं असा धरला की हात सोडवावा लागला. चाकं झिजलीत, पण वायर नीट गुंडाळलेली, ब्रशात एक केस नाही. जिचं कुणाचं आहे ती बाई माझ्यासारखी नेटकी.

अडचण एकच. हर्शेल म्हणाला, "अजून विकाऊ नाही, ओलीटाताई. चिठ्ठीची मुदत बावीस तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत. तोवर कुणी सोडवलं नाही, तर तुमचं."

"कुणाचं आहे?"

"हे सांगत बसलो असतो तर गावात माझ्याकडे कोण आलं असतं?"

वर्जिल तेवीसला घरी येतोय. बसतंय बरोबर.

बुधवार, ६ मार्च

संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला. ब्रदर डेल्मरनी विचारलं, कुणाची काय विनंती. कुणाचा गुडघा, कुणाचा जावई. सांगायची नसेल तर आमच्यात नुसता हात वर करून "मुकी" म्हणतात, आणि सगळे तिच्यासाठीही प्रार्थना करतात. मी हात वर केला. बाराजण माझ्या मशीनसाठी डोळे मिटून बसले होते, त्यांना पत्ता नाही. मागच्या बाकावर नीवानंही हात वर केला — तीच ती, लोकांची घरं साफ करायला जाते.

रविवार, १० मार्च

वर्जिलला खरं सांगितलं. ऑक्सिजनची नळी नाकात, तरी हसला.

"म्हणजे कुणा गरिबाला पैसे मिळू नयेत म्हणून तू देवाला साकडं घातलंस?"

"तसं नाही मागितलं. मशीन मिळू दे म्हटलं."

"आणि ते कसं मिळणार, ओली? देव काय हर्शेलच्या गल्ल्यावर बसतो?"

खोकला आला, बोलणं राहिलं. घरी येईपर्यंत मला त्याचा खोकलाच ऐकू येत होता. मी विनंती मागे घेतलेली नाही.

बुधवार, १३ मार्च

पुन्हा "मुकी". नीवाचीही.

मंगळवार, १९ मार्च

दुकानात जाऊन बघून आले. फळीवरच आहे. हर्शेल म्हणाला, "पळून जात नाही ते, ताई." त्याला काय, त्याला दोन्हीकडून नफा.

शुक्रवार, २२ मार्च

तीन वाजताच जाऊन खुर्चीवर बसले. पैसे पर्समध्ये, पर्स मांडीवर. चारला हर्शेलनं कॉफी दिली. पाचला वीस मिनिटं असताना दार उघडलं — नीवा.

मला बघून तिथंच थबकली. "ओलीटाताई, तुम्हीसुद्धा काही गहाण टाकायला?"

"छे. बसलेय जरा," म्हटलं. खोटं बोलले.

तिनं चिठ्ठी आणि नोटा काउंटरवर ठेवल्या. हर्शेलनं मोजल्या, पुन्हा मोजल्या. तीस डॉलर कमी.

"सोमवारी देते. गाडीच्या दुरुस्तीपायी टाकावं लागलं होतं. मशीनशिवाय चार घरांनी कामावरून काढलं मला, हर्शेलभाऊ."

"मुदत म्हणजे मुदत, नीवा. एकीला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल." आणि माझ्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, हे बरं झालं.

दोन आठवडे आम्ही दोघी एकाच मशीनसाठी हात वर करत होतो. ती मागच्या बाकावर, मी पुढच्या. आणि ती माझ्याही मुकीसाठी प्रार्थना करत असणार, मनापासून. तशीच आहे ती.

वर्जिल डोळ्यांपुढे होता. घड्याळही. मी उठून तीस डॉलर ठेवले.

नीवा रडली. मी नाही. बाहेर तिच्या गाडीत मशीन चढवताना म्हटलं, "उद्या सकाळी हे घेऊन ये माझ्याकडे. वर्जिल दुपारी घरी येतोय. तीस फेडायचेत ना, कामातून फेड. दर शनिवारी."

"तुमच्या घरात काय साफ करायचं, ताई? ताटाशिवाय जमिनीवर जेवावं, इतकं लख्ख."

"तेच. वरवर फिरवलंस तरी चालेल. डॉक्टरीणबाईंचं समाधान."

देवानं मशीन दिलं नाही, मशीनवालीच दिली. उलट स्वस्त पडलं.

शनिवार, २३ मार्च

नीवानं फक्त वर्जिलच्या खुर्चीभोवतीचा गालिचा झाडला आणि टाकी मला न दाखवता ओतायला निघाली. मी अडवलं. पाणी काळं, शाईसारखं. दुसऱ्यांदा काळं. तिसऱ्यांदा काळं. तीस वर्षं तो खाणीतून आल्यावर त्या खुर्चीत बसायचा, आणि मी रोज सकाळी तिथंच केरसुणीनं झाडायची. ती धूळ मी घरभर उडवत होते.

दीडला अँब्युलन्स येईल. पाचवी टाकी चालू आहे.