अर्धा चार

बाडहूव्हडॉर्प, नोव्हेंबर २०२०, रविवार

तरी म्हणतो, साडेतीनला साडेतीन म्हणायला या डच लोकांचं काय जातं? म्हणे ‘हाल्फ फीर’, अर्धा चार!

घरमालक आजोबा कोरोनाने दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांचं जुनं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. शौकीन लोक त्याला मोटारीएवढी किंमत देतात. म्हणाले, “रोज किल्ली दे. हाल्फ फीरला फोन करीन, टिकटिक ऐकव.”

पहिल्याच दिवशी मी फोन खोलीत टाकून सायकलवर भटकत बसलो, साडेचारच्या हिशोबाने आलो. सात मिसकॉल! यांना वाटलं असणार, पोरगा घड्याळ घेऊन पळाला. फोन लावला तर धापा टाकत म्हणाले, “मला वाटलं, तुलाही झाला.”

घड्याळाचं नावसुद्धा नाही काढलं. माझ्यावर एवढा विश्वास घरच्यांनी तरी कधी टाकला?

मग रोज साडेतीनला फोन घड्याळाला लावून गप्प बसलो. मी, आणि गप्प!

आज आजोबा घरी आले. घड्याळ कानाला लावलं, हसले. मी काम करतो ते हॉटेल बंद, पगार अर्धा, हे त्यांना माहीत आहे. या महिन्याचं भाडं नको म्हणाले.

देवा, भलं कर त्यांचं. उद्या आईला तेच पाठवतो, साडेतीनशे युरो.