रिकाम्या सीडीचा खुलासा

तीर्थरूप दादा,

धाकटीचा नमस्कार. ('तीर्थरूप' वाचून तू चष्म्यावरून बघशील हे मला ठाऊक आहे, पण रागावलेल्या माणसाला नुसतं 'दादा' म्हणायचं धाडस होत नाही.) गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? आणि तुमच्या गॅलरीत येणारं ते एका डोळ्याचं मांजर अजून येतं, की त्यानेही पत्र टाकणं बंद केलं? इकडे आम्ही मजेत आहोत. बाबांची भूक उत्तम आहे, कान त्यांच्या सोयीप्रमाणे चालतात आणि उजवा हात थरथरतो तो थरथरतोच. भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ सांगतात. कुणी विचारलेली नसते.

पाकिटात दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये एक सीडी आहे. पुठ्ठे बुटांच्या खोक्याचे आहेत, त्यामुळे वास येईल, तो सीडीचा नाही. ती वाकवू नकोस, उन्हात ठेवू नकोस आणि मुख्य म्हणजे तिच्यावर चहाचा कप ठेवू नकोस. (मागच्या सीडीचं तू काय केलंस ते वहिनीने मला फोनवर सांगितलं. तिला बोलू नकोस, मीच खोदून विचारलं.) आता तू म्हणशील, रिकाम्या सीडीवर कप नाही ठेवायचा तर काय ठेवायचं. त्याचाच खुलासा करायला हे पत्र लिहिते आहे. चौदा महिने उशीर झाला आहे, पण खुलासा सापडलाच मागच्या महिन्यात, त्याला मी काय करू?

तुझं ते कार्ड अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. 'सीडी मिळाली. रिकामी आहे. समजलो.' इतकंच. दादा, पहिल्या दोन वाक्यांशी माझं काही भांडण नव्हतं. तिसऱ्याने मात्र माझी झोप घालवली. बाबांनी चाळीस वर्षांत रंगवलेल्या पाट्यांचे फोटो, एकूण दोनशे बारा, मी दोन महिने खपून कॉम्प्युटरमध्ये घातले, सीडीवर भरले, माझ्या कॉम्प्युटरवर लावून बघितले. सगळे दिसले, अगदी पिठाच्या गिरणीची तिरकी पाटीसुद्धा दिसली. आणि तू लिहितोस, रिकामी. मला वाटलं, याला बघायचंच नाहीये. तुला वाटलं, हिने मुद्दाम कोरी पाठवली. लहानपणी ज्या पोराने शिडी धरली त्याला फोटोतून वगळलं, असंच समजलास ना? मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. बाबांना मी एवढंच सांगितलं की दादा कामात आहे. ते म्हणाले, "चौदा महिने? एवढं काय, देशाचा नकाशा काढतोय का?"

तर झालं असं की तुझी भाची सुट्टीत घरी आली, ती स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन. तिचा माझ्यासारखा नाही, तुझ्यासारखाही नाही, तिसऱ्याच जातीचा. (ती जात कुठली हे तिने मला दोनदा समजावलं. तो फुकट मिळतो आणि त्यातलं काही बिघडलं की अनोळखी माणसं रात्रंदिवस मदत करतात, एवढंच मला कळलं. असं सासर मला मिळायला हवं होतं.) आजोबांच्या पाट्या बघायच्या म्हणून तिने माझ्याकडची सीडी लावली. तुला पाठवलेलीची ती जुळी बहीण, एकाच दुपारी भरलेली. पोरगी म्हणाली, "आई, यात काहीच नाहीये." मी तिला म्हटलं, नीट बघ. मग मी बघितलं. मग चष्मा पुसून बघितलं. मग तीच सीडी माझ्या कॉम्प्युटरवर लावली तर दोनशे बारा फोटो आपापल्या जागी हजर. दादा, मी तिथेच पलंगावर बसले. चौदा महिने तू खरं बोलत होतास आणि मीही खरं बोलत होते, आणि आपण दोघांनी मिळून एकमेकांना खोटं ठरवलं होतं.

आपल्या कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. त्याला आम्ही घरात 'हरकत नाही' म्हणतो, कारण मशीन जळाली म्हणून सांगा किंवा पाण्यात पडली म्हणून सांगा, तो आधी तेच म्हणतो. त्याने सीडी उजेडात धरली, खालच्या बाजूला किती भागावर काळसर झाक आहे ते बघितलं आणि विचारलं, "बंद केली होती का?" मी म्हटलं, सीडी काय दार आहे? तर म्हणे, आहे. सगळं भरून झालं की सीडी शेवटी बंद करावी लागते. उघडी ठेवली तर जिने भरली ती मशीन तिला ओळखते, बाकीच्या मशीनना वाटतं, अजून काम चालू आहे, आपण कशाला डोकावायचं. आणि मला आठवलं. त्या दिवशी कॉम्प्युटरने विचारलं होतं, आणखी काही भरायचं आहे का? मी 'हो' दाबलं होतं. कारण बाबा शेजारच्या खोलीतून ओरडत होते की थांब, सोडावॉटरच्या कारखान्याची पाटी राहिली, ती कुठेतरी आहे. ती कधी सापडलीच नाही. त्या पाटीसाठी मी दार उघडं ठेवलं आणि तुझ्याकडे अंधार झाला.

पण खात्री करायची तर तुझ्या जातीचा कॉम्प्युटर हवा. या भागात तो एकाच ठिकाणी आहे, खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मी गेले आणि म्हटलं, नुसती एक सीडी लावून बघायची आहे. त्यांनी हातमोजे चढवत खुर्ची दाखवली. "बसा आधी. आ करा." सीडी हातात, तोंड उघडं, अशा अवस्थेत मी तुझी आणि माझी हकीकत सांगायला लागले. त्यातलं त्यांना फक्त 'आ' कळलं असावं, कारण त्यांनी सगळे दात घासून काढले. मग सीडी लावली. रिकामी. दादा, पांढऱ्याशुभ्र खिडकीत काही म्हणजे काही नाही. तू चौदा महिन्यांपूर्वी जे बघितलंस ते मी त्या दिवशी बघितलं, आणि 'समजलो' हा शब्द मीही लिहिला असता.

दुसरी सीडी भरली, या वेळी बंद केली आणि पुन्हा खाली गेले. (या खेपेला एका दाढेत सिमेंट भरून घ्यावं लागलं.) फोटो दिसले, पण नावं गेली. तू म्हणशील, नावांचं काय एवढं? अरे, नावांतच तर सगळं आहे. एकेका फोटोसाठी बाबा शेजारी बसून मजकूर सांगत होते आणि तो मजकूर मी फाइलचं नाव म्हणून घालत होते. 'शाळेची पाटी, मोठ्याच्या डोक्यावर निळा रंग सांडला, तरी शिडी सोडली नाही'. 'दातांच्या दवाखान्याची पाटी, दात काढला पण लोक आत येऊन फ्लॉवर कसा दिला विचारायचे'. असली दोनशे बारा नावं. त्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आणि पुढे आकडा. घरी पोरीच्या कॉम्प्युटरवरही तेच. बाबांनी बराच वेळ निरखून बघितलं आणि विचारलं, "हे काय, गाळलेल्या जागा भरा?" 'हरकत नाही' म्हणाला, सगळ्या मशीनना वाचता यायचं तर जुना नियम आहे, नाव आठ अक्षरांत बसवा, तेही इंग्रजी अक्षरांत. बाबा त्याच्याकडे असे बघायला लागले की जणू त्याने त्यांचा ब्रश फिनेलमध्ये बुडवला. तुला आठवतं ना, पाटी अपुरी पडली तर ते काय करायचे? अक्षर बारीक करायचे, दोन ओळी करायचे, गिऱ्हाइकाशी भांडून पाटी मोठी करून घ्यायचे, पण नाव तोडायचे नाहीत. 'हरकत नाही'ला त्यांनी सांगितलं, "माझी हरकत आहे." त्या माणसाचा चेहरा असा झाला, जणू हा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला.

मग तो दोन दिवस कामाला लागला आणि त्याने शोधून काढलं. फोटो एकदाच भरायचे, पण त्यांची यादी तीनदा लिहायची, प्रत्येक जातीच्या कॉम्प्युटरला वाचता येईल अशी एकेक. मशीन आपापली यादी वाचते आणि तिला वाटतं, हीच एक यादी आहे. खाली फोटो तेच. दादा, हे ऐकल्यापासून मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्याचाच विचार करते आहे. आपलं लहानपण एकच होतं रे. त्याच दोन खोल्या, टर्पेंटाइनचा तोच वास. तुझ्या यादीत बाबा तुला ओरडले ते सगळ्यात वर आहे आणि माझ्या यादीत त्यांनी मला खांद्यावर बसवून वरच्या ओळीची मात्रा काढायला दिली ते. मी इतकी वर्षं माझ्या यादीत बघून तुला सांगत होते की तसं काही झालंच नाही. (असो. या वयात भांडी घासताना विचार करू नये, कपाचा कान तुटला.)

तिसरी सीडी बंद करायच्या वेळी मी बाबांना बोलावलं. म्हटलं, आता हे दाबलं की यात पुढे काही भरता येणार नाही. ते हात मागे बांधून उभे राहिले. म्हणाले, थांब. आणि तीन दिवस थांबवलं. सोडावॉटरची पाटी शोधत असतील असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला एक शेवटचा फोटो काढायला लावला, तो भरला आणि बटण स्वतः दाबलं. हात थरथरत होता म्हणून दोनदा दाबलं गेलं, पण काही बिघडलं नाही.

खाली नेली. (अक्कलदाढ काढली. तुझ्यापायी माझी अक्कल गेली हे यापुढे चारचौघांत सांगता येईल.) मी गालात कापूस धरून बसले होते आणि डॉक्टरीणबाईंनी सीडी लावली. दोनशे तेरा फोटो, पूर्ण नावांसकट. फ्लॉवरवाला दात बघून त्या इतक्या हसल्या की बाहेर थांबलेले पेशंट आत आले. एक आजी सुजलेल्या गालाने म्हणाल्या, ही किराणा दुकानाची पाटी आमच्या गल्लीतली. मग सगळ्यांनी मिळून अर्धा तास पाट्या वाचल्या. प्रत्येक चौथ्या नावात 'मोठा' होता. मोठ्याने शिडी धरली, मोठ्याने डबा दिला, मोठा म्हणाला क वाकडा आहे आणि तो वाकडा होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा मोठा कोण? माझ्या तोंडात कापूस होता. मी नुसतं त्यांच्या त्या तुझ्या जातीच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. त्यांना काही कळलं नसेल.

तेव्हा सीडी लाव, सावकाश बघ. वहिनीला नमस्कार, मांजराला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. दोनशे तेरावा फोटो रिकामा आहे. या वेळी खरंच रिकामा आहे, तेव्हा मला कार्ड पाठवू नकोस. ती कोरी पाटी आहे, पांढरा हात मारून वाळवलेली, आपल्या घराच्या दारासाठी. गावभर पाट्या रंगवल्या आणि स्वतःच्या दारावर एक नाही, हे बाबांच्या त्या तीन दिवसांत लक्षात आलं. खडूने अक्षरं ते आखतील म्हणतात, पण रंग भरायला न थरथरणारा हात हवा. माझा चालणार नाही, मी मात्रा जाड काढते. फोटोचं नाव त्यांनी सांगितलं तसं घातलं आहे: 'मोठा आल्यावर'.

ता. क. दुसरा. सीडी तुझ्याकडे नाहीच उघडली तरी ये. माझ्या कॉम्प्युटरवर उघडते.

ता. क. तिसरा. गुडघ्याचं बाबांना सांगितलं. म्हणाले, त्याला म्हणावं काळजी करू नकोस, शिडीवर मी चढतो, तू खाली धर. तेव्हा लवकर ये, मी शिडी कुलपात ठेवली आहे आणि त्यांना किल्ली सापडायच्या आत तू इथे हवास.