अकरा कात्रणं

इंदापूर,
२४ मार्च १९९८

प्रिय निकिता,

हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, प्रतीक्षाच्या हातून तुझ्यापर्यंत येईल. वाचून झालं की चुलीत घाल, पण आधी वाच. माझं आधीचं पत्र तू वाचलंच नाहीस. ते कुठं होतं आणि त्यानं काय केलं, हे अजून तुला कुणी सांगितलेलं नाही. मीच सांगायला हवं होतं. पंधरा दिवस झाले, तोंड उघडत नाही.

तुमच्या द्राक्षबागेत आमची मेंढरं बसायची ते तुला आठवत असेल. छाटणीआधी आबा कळप घेऊन यायचे, चार दिवस लेंड्या पडायच्या, आणि तुझे तात्या आम्हा बापलेकांना ओसरीवर बसवून जेवू घालायचे. पुढं कळप विकला, आबा रोजंदारीला लागले आणि मी बारामतीच्या कॉलेजात गेलो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून निघून आलो, तेव्हा गावात सगळ्यांनी मला शहाणपण शिकवलं, एकट्या तात्यांनी नाही. एमआयडीसीतल्या कुठल्या तरी ऑफिसातून त्यांनी जुना कॉम्प्युटर आणला होता. ते म्हणाले, “मानसिंगला त्यातलं कळतंय, त्योच बघंल.” आयुष्यात कुणी माझ्यावर एवढा विश्वास टाकला नव्हता. त्या विश्वासाचं मी काय केलं ते तू पाहिलंसच.

तात्यांच्या बारा वर्षांच्या वह्या तू दोन वर्षं बसून त्यात भरल्यास. कुठल्या दिवशी धुकं, किती पाऊस, पानाखाली पांढरी बुरशी कधी दिसली, फवारणी कधी. राहुरीच्या कृषी विद्यापीठातला तुझा सगळा प्रबंध त्यावर उभा होता. तात्यांचा शब्द होता, पोरीचं पुस्तक पुरं झाल्याशिवाय लग्नाची बोलणी नाहीत. म्हणजे त्या यंत्रात नुसतं धुकं-पाऊस नव्हतं, तुझी मोकळीक होती, आणि खरं सांगू, माझीही आशा होती. फेब्रुवारीत द्राक्षांचा तोडा सुरू झाला, पेट्यांत घालायला कागदाचं कात्रण कमी पडलं, तर तात्यांनी सरळ वह्या काढून दिल्या. सगळं मशीनमधी हाय, म्हणाले. पॅकिंगच्या बायकांनी दोन दिवसांत बारा वर्षं कातरून द्राक्षांखाली अंथरली. मीही पेट्यांना खिळे ठोकत तिथंच होतो. एकदाही म्हणालो नाही की तात्या, थांबा.

आता त्या फ्लॉपीचं. जानेवारीत खेळाची म्हणून मी तुला एक फ्लॉपी दिली होती, ती मोटारगाड्यांची. त्यात एक पत्र होतं. मराठी अक्षरं त्यात येत नव्हती म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. एका दमात सगळं सांगून टाकलं होतं. बारामतीतल्या कॉम्प्युटर क्लासमधून तो खेळ मी फुकट उतरवून घेतला, आणि त्याच्याबरोबर ती कीड आली. पुढं तू म्हणालीस, मशीन जड चालतंय, कुणी हात लावलेला नसताना दिवा लुकलुकतो. मी हसलो. मग फायलींची नावं बदलली, नुसती अगम्य अक्षरं. तेव्हाच बंद करून ठेवायला हवं होतं. मी तुझ्या नकलेच्या दोन्ही फ्लॉप्या आणायला लावल्या आणि त्याच मशीनमध्ये घातल्या. दोन मिनिटांत त्यांचीही तीच गत झाली.

आणि मग मशीनवर आलेला तो लाल पडदा. त्यावर लिहिलेलं: तुझा माल आमच्या कुलपात आहे, दोनशे डॉलरचा ड्राफ्ट परदेशातल्या अमुक पोस्टाच्या पेटीवर पाठव, किल्ली मिळेल. मी इंदापूरच्या बँकेत विचारायला गेलो. कारकुनानं चष्म्यावरून बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, “ह्यो बघ, अमेरिकेला खंडणी भरायला निघालाय.” सगळी बँक हसली.

तरी तात्या चिडले नाहीत. मशीन बंद कर, हात लावू नको, म्हणाले, हिंदुरावांचा विशाल इंजिनिअर आहे, रविवारी येऊन बघेल. विशालचं नाव ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. त्याचं स्थळ तुला सांगून आलेलं मला माहीत होतं. तो तुझ्या खुर्चीत बसणार, किडीचं मूळ शोधणार, माझी फ्लॉपी उघडणार, माझं पत्र वाचणार, आणि वर तुमचं काम करून देणार. रविवारी तो यायच्या आत मी आलो. तात्या बागेत होते. दोन तासांत नीट करतो म्हणालो, तू “थांब” म्हणालीस, तरी मी सगळं पुसलं. मशीन पुसलं, दोन्ही फ्लॉप्या पुसल्या, कीड राहू नये म्हणून मशीन चालवायचे प्रोग्रॅम वरून पुन्हा नव्यानं भरले. पडदा स्वच्छ झाला. त्यात काहीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात तात्या आले. मी शब्द जुळवत होतो, आणि तू म्हणालीस, “माझ्या हातून पुसलं गेलं, तात्या.” ते खाली बसले. मग डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “मग आता शिकायचं बास.” मी तिथंच होतो, निकिता.

मागच्या आठवड्यात पुण्याला एका जाणत्या माणसाला गाठलं. त्यानं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाला, असल्या किडी बहुतेक नुसती नावं झाकतात, मजकूर आत जागेवरच असतो. बंद करून तसंच आणलं असतंस तर दिवसभरात काढून दिलं असतं. कुलूप चोराचं होतं, घर तू पेटवलंस. तिथून तुमच्या पेट्या उतरतात त्या मार्केट यार्डात गेलो. दोन दिवस गाळ्यांच्या मागचे कात्रणाचे ढीग उपसत बसलो. हमालांनी मला वेडा ठरवलं. तात्यांच्या अक्षराची अकरा कात्रणं मिळाली. बारा वर्षांतली अकरा.

ती सोबत ठेवली आहेत. दहांवर नुसते अर्धे आकडे आहेत. अकराव्यावर लिहिलंय, ‘निकीला ताप. फवारणी राहिली.’ हे तू मशीनमध्ये कधी भरलं नसशील, त्याला रकानाच नव्हता. ज्या माणसानं तुझ्या तापासाठी उभी बाग सोडली, त्याला तू माझ्यासाठी खोटं ऐकवलंस, आणि त्याची शिक्षा म्हणून तीन मेला विशालशी तुझं लग्न आहे. उद्या सकाळी मी तात्यांकडे येतोय. फ्लॉपी माझी, हात माझे, एवढंच सांगेन, पत्राचं नाव काढणार नाही. त्यांनी त्यानंतर काय ठरवायचं ते ठरवावं. मला आशा नाही, विशाल माणूस वाईट नाही हेही मला ठाऊक आहे. फक्त एक कर. मी बोलायला लागलो की तू मध्ये पडून पुन्हा ‘माझ्याच हातून’ म्हणू नकोस.

तुझाच,
मानसिंग