मखमलचं स्थळ आणि गोटूचा पहारा

२८ मे
मखमल आणि गोटूला लस टोचायला कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टोचून झाल्यावर बाई भलत्याच विषयावर गेल्या. म्हणाल्या, आजोबा, मखमलला सहा वर्षं पूर्ण झाली, अजून एकदाही व्यायलेली नाही. ह्या वयात पहिलं बाळंतपण म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. दोघांचीही नसबंदीची ऑपरेशनं करून टाका, सुटाल.
बाईंच्या टेबलाखाली एक नवंकोरं मशीन खोक्यात दिसलं. मशीन आणलं की चालवावं लागतं. मी पहिलं चावी कापायचं मशीन आणलं तेव्हा रस्त्यात भेटेल त्याला सांगत होतो, तुमचं कुलूप जुनं झालंय.
बाई बरोबर बोलतात, असं आमच्या हिचं मत. हिला सगळेच बरोबर बोलतात असं वाटतं. मी सोडून.

२९ मे
निर्णय झाला. गोटूचं ऑपरेशन. मखमलला मात्र एकदा पिल्लं होऊ द्यायची.
गोटूला हिनं भाजीबाजारातून उचलून आणलं. पाय आखूड, एक कान उभा, एक पडलेला, तोंड असं की कुणीतरी त्यावर बसून गेलंय. असला नमुना एक पुरे. मखमल म्हणजे सोनं. मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हा ठेवून गेली. त्यानंतर घर असं गप्प झालंय की फ्रिज बंद पडला तरी ऐकू येतं. पिल्लं आली तर जरा पायात पाय येतील.
हे हिला सांगितलं नाही. हिला शास्त्रीय कारण दिलं. मादीला एकदा तरी पिल्लं झाली की प्रकृती सुधारते. हिनं विचारलं, कुठे वाचलंत? म्हटलं, वाचलंय.

३ जून, दुपारी
गोटूचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तो माझ्याकडे पाठ करून बसला.
बाईंनी सूचनांचा कागद दिला. टाके चाटू देऊ नका वगैरे ठीक. शेवटची सूचना मात्र खटकली. सहा आठवडे मादीपासून लांब ठेवा. का? तर खबरदारी म्हणून. जमत नसेल तर आमच्याकडे ठेवायची सोय आहे, असं खाली छापलेलं.
असं आहे होय! सहा आठवडे गोटू यांच्या पिंजऱ्यात राहणार आणि बिल आमच्या दारात. मी चाळीस वर्षं कुलपं उघडली आहेत. खिटी काढली की कुलूप त्याच क्षणी निकामी होतं, सहा आठवडे थांबत नाही.
हिनं कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला.

१० जून
मखमल माजावर आली. आणि नेमकी आजच ही आठ दिवसांसाठी बहिणीकडे निघाली. बहिणीचा गुडघा दुखतोय म्हणे. गुडघ्यालाही आजचाच मुहूर्त मिळावा?
जाताना तीन वेळा बजावलं, गोटूला वरच्या खोलीत ठेवा, मखमलला खाली, आणि दाराला कडी. मी हो म्हटलं. तिन्ही वेळा.
रस्त्यापलीकडच्या बँक मॅनेजरशी फोनवर बोललो. त्याच्याकडे मखमलच्याच जातीचा कुत्रा आहे, सर्टिफिकेटवाला. सतरा तारीख ठरली. तोवर आपला माल सांभाळायचा.

११ जून
फाटकासमोर सलूनवाल्याचा काळ्या येऊन बसलाय. रस्त्यावरचाच, पण सलूनवाला खायला घालतो म्हणून त्याचा. बसलाय तो असा, जणू केस कापायला नंबर लावलाय.
फाटकाला दोन कुलपं लावली. मागच्या भिंतीवर पत्रा. पण काळ्या हडकुळा आहे, कुठूनही घुसेल. घरात आतला माणूस पाहिजे.
विचार करता करता लक्षात आलं. आतला माणूस आहेच की! गोटू. ऑपरेशन झालेला, म्हणजे मोहमाया संपलेला. त्याला मखमलच्या खोलीत पहाऱ्याला ठेवलं. काळ्यानं नुसतं नाक फाटकाला लावलं तरी गोटू खिडकीत उभा राहून घर डोक्यावर घेतो. काय निष्ठा! हिला वाटतं मला कुणाचाच भरवसा नाही. येऊ दे, दाखवतो.

१३ जून
काळ्यावर बादलीभर पाणी टाकलं. ते नेमकं सलूनवाल्याच्या अंगावर पडलं. तो म्हणाला, काका, त्या बिचाऱ्याचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली, कानाला कापलेली खूण आहे बघा, म्युनिसिपालटीवाले करतात ती. तो तुमच्या फाटकापाशी सावलीला बसतो.
कानाला खूण होती. पण कान काय, भांडणातही फाटतो. सलूनवाला फार गोड बोलत होता. तिसरं कुलूप लावलं.

१७ जून, संध्याकाळी
मॅनेजर कुत्र्याला घेऊन आला. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मी भिंगातून पाहिलं. शिक्का जरा तिरका वाटला. विचारलं, तर मॅनेजर म्हणाला, मी तीस वर्षं शिक्केच मारलेत, मला शिकवू नका.
पाहुण्याला आत सोडलं. मखमल गुरगुरली. पाहुणा सोफ्याखाली गेला तो अर्धा तास बाहेर येईना. शेवटी मॅनेजरनं पोटावर झोपून त्याला ओढून काढला. जाताना म्हणाला, तुमच्या मुलीला वळण नाही.
गोटूला सगळा वेळ बाहेर बांधलं होतं. फार ओरडला. सोडल्याबरोबर धावत तिच्याकडे. पहाऱ्याची एवढी तळमळ माणसांतही दिसत नाही.

१८ जून
दुपारी खुर्चीत जरा डोळा लागला. तासभर असेल. उठलो तर घरात चिडीचूप. मखमल निवांत पडलेली. गोटू जीभ बाहेर काढून, पाय ताणून, अगदी गळून गेलेला. बिचारा आठ दिवस जागतोय. त्याला दोन बिस्किटं जास्त दिली.
संध्याकाळी ही परत आली. येता येताच विचारलं, वेगवेगळे ठेवले होते ना? म्हटलं, बंदोबस्त चोख होता. खोटं काय त्यात?

२० जुलै
मखमल सुटत चाललीय. कुणीतरी चोरून खायला घालतंय. ही नाही म्हणते, पण नाही म्हणताना हसली.
बिस्किटांच्या डब्याला छोटं कुलूप लावलं.

२ ऑगस्ट
डबा जसाच्या तसा, पोट मात्र वाढतंय. खाणं बाहेरून येतंय हे उघड आहे. मॅनेजर? अपमानाचा सूड?
ही संध्याकाळी शांतपणे म्हणाली, अहो, हिला दिवस गेलेत. म्हटलं, शक्यच नाही. तीन कुलपं होती. ही म्हणाली, कुलपं बाहेर होती.
ह्या बोलण्याचा रोख कळला नाही.

३ ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंकडे. ते खोक्यातलं मशीन म्हणजे पोट बघायचं मशीन निघालं. पडद्यावर बाईंनी बोटानं मोजलं. चार.
मी तिथल्या तिथे सलूनवाल्याचं नाव घेतलं. म्हणजे त्याच्या काळ्याचं. बाई म्हणाल्या, काळ्याचं ऑपरेशन म्युनिसिपालटीसाठी मीच केलंय, तीन वर्षांपूर्वी. मग विचारलं, गोटूला किती दिवस लांब ठेवला होता? म्हटलं, लांब कशाला, तो तिच्याच खोलीत पहाऱ्याला होता.
बाईंनी चष्मा काढून पुसला. ही छताकडे बघायला लागली. छतावर काहीही नव्हतं.
बाईंनी समजावलं. ऑपरेशन झालं तरी नराच्या अंगात काही आठवडे जुना साठा शिल्लक असतो, म्हणून तर सहा आठवडे सांगितले होते. म्हटलं, हे आधी नीट सांगायला काय झालं होतं? ही म्हणाली, पंधरवडाभर तुम्ही त्या कागदाखाली उभं राहून चहा प्यायलात.
बाई पुढे म्हणाल्या, आता वेळेवर आणा म्हणजे झालं. डोकी मोठी दिसताहेत, अडण्याची शक्यता आहे. हे बोलताना त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ ऑगस्ट
गोटूशी बोलत नाही.

२० ऑगस्ट, सकाळी ६.४०
मखमल पहाटेपासून चपलांच्या कपाटात शिरून वर्तमानपत्रं फाडतेय. धापा टाकतेय. गोटू कपाटाबाहेर बसलाय, हलत नाही. ही रिक्षा बघायला गेली.

२० ऑगस्ट, दुपारी
पहिलं पिल्लू अडलं. बाई म्हणाल्या, पोट उघडावं लागेल. उघडतोय तर गर्भाशयही काढते, पुन्हा ही पाळी नको. दोन्हीचा एकच फॉर्म.
मी वीज बिलसुद्धा तीनदा वाचून भरतो. तो फॉर्म वाचला नाही. सही कुठे, एवढंच विचारलं. बाईंनी बोट ठेवलं, तिथे केली.
दीड तास बाकावर. हिनं माझा हात धरला होता. एकदा मी म्हटलं, मला खरं तर घरात जरा आवाज हवा होता. ही म्हणाली, ठाऊक आहे. ठाऊक होतं तर बोलली का नाही? विचारलं नाही.
सव्वाबाराला बाई बाहेर आल्या. मखमल ठीक. चारही ठीक. चारांचेही पाय आखूड, तोंड चेपलेलं.

२१ ऑगस्ट
आवाज पुष्कळ आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ही मुलीला फोनवर पिल्लांचं रडणं ऐकवत होती. मला वाटतं, मुलगीही तिकडे रडत होती. ही म्हणते, हसत होती.

५ सप्टेंबर
मॅनेजर पिल्लं बघायला आला. एकेकाला उचलून पाय पाहिले, खाली ठेवलं, घरी गेला. मागोमाग सलूनवाला. म्हणाला, वा काका, छान आहेत, आणि तोही गेला. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा मला बऱ्या दिसत नाहीत.
कडक निर्णय घेतला आहे. कुणी कितीही हातापाया पडो, चारांपैकी एकही पिल्लू द्यायचं नाही. दारावर पाटी लावली.
अजून कुणी मागितलेलं नाही.