नदीकाठच्या घरात कोणी राहू नये

मी, खाली सही करणारी, जलविज्ञान कार्यालयातून निवृत्त झालेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे माणूसच नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी हे घर भाचीला दिले होते.

१. बँकेतली सारी शिल्लक आणि आईच्या बांगड्या माझ्या दिवंगत बहिणीच्या मुलीला, म्हणजे याच भाचीला द्याव्यात. अट काही नाही. बांगड्या तिला सैल होतील. मोडून हवे ते करावे, मी बघायला नसेन.

२. वाळूचे दाणे जाडीनुसार वेगळे करायच्या माझ्या पितळी चाळण्या आणि कॉम्प्युटर अभियांत्रिकी कॉलेजला द्यावा. चाळण्या ओल्या ठेवू नयेत. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर ओले फडके घडी घालून ठेवले तरी दिवसभर उभे करत. तेवढी शिस्त कॉलेजात असेल असे समजते.

३. कार्यालयातले माझे सहकारी आलेखातला प्रत्येक उंचवटा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट करत, म्हणून आम्ही त्यांना सुरळीतराव म्हणत असू. त्यांना काहीही देऊ नये. शोकसभा झालीच तर त्यांना बोलू देऊ नये. कारण नोंदवते.

नदीच्या समोरच्या काठाला भिंत बांधायची होती. त्यामुळे पाणी कुठे वळेल, हे कॉम्प्युटरवर नदीचे मॉडेल चालवून पाहायचे काम आम्हा दोघांकडे होते. गाळ वाहतो, तळ खणला जातो असे धरले की मॉडेल आठवडाभर चालत राही. तळ पक्का धरला की दुपारच्या चहापर्यंत उत्तर. साहेबांना अहवाल सोमवारी हवा होता. सुरळीतराव म्हणाले, "बाई, तळ हलत नाही असं धरू. पाणी ते पाणीच ना?" मी म्हटले, "मग हौदाचा अहवाल द्या, नदीचा कशाला?" अहवाल त्यांचाच गेला. नदीचा तळ सिमेंटचा ठरला आणि या काठाला धोका नाही असे छापून आले.

माझे हलत्या तळाचे मॉडेल नंतर पुरे झाले. भिंतीवर आपटून परतलेला प्रवाह आमच्या काठाच्या मुळाशी खणतो, काठ आतून पोकळ होतो आणि एके दिवशी एकदम बसतो, असे त्यात दिसले. मी त्याचे रंगीत नकाशे साहेबांपुढे ठेवले. ते म्हणाले, "छान रंग आलेत."

४. माझे घर याच काठावर आहे. भिंतीच्या आधी घेतले होते. काठ किती ढासळतो ते मोजायला मागच्या अंगणात मी खुंट्या ठोकल्या होत्या. नदीकडची रांग आता नाही. वकील म्हणाले, "बाई, मोक्याची जागा आहे, गिऱ्हाईक हां हां म्हणता मिळेल." मिळेल, आणि ते मुलाबाळांसकट राहायला येईल. म्हणून घर विकू नये, भाड्याने देऊ नये. ते पाडावे, आणि जागा नेहमी मोकळी ठेवण्याच्या अटीवर नगरपालिकेला द्यावी.

५. भाचीबद्दल. तिचा फोन आला होता. "मावशी, तू एकटी असतेस. इथे दोन खोल्यांत आमचाही जीव गुदमरतो. आम्ही तिघं तिकडेच येतो. वरची खोली रिकामीच आहे ना?"

असे कोणी विचारावे म्हणून मी ती खोली कित्येक वर्षे झाडत आले आहे.

मी तिला काठाचे सांगितले. ती हसली. "अगं, धोका नाही असा सरकारी अहवाल आहे. यांनी वाचलाय. तू आणि तुझं ते मॉडेल!" मी पुन्हा सांगितले. ती म्हणाली, सामान बांधायला घेतलंय. तेव्हा मी म्हटले, "मला तुझ्या पोराची कटकट सोसणार नाही. माझ्या घरात नको." खरे दोनदा सांगून पटले नव्हते, हे लगेच पटले. त्यानंतर फोन नाही.

वकिलांनी हे कलम माझ्या हयातीत तिला दाखवू नये. कळले तर ती धावत येईल, आणि आली की राहील. तिला दुसऱ्यांदा नको म्हणणे मला जमणार नाही.

सही: मृत्युपत्र करणारी

आम्हा दोघांसमोर बाईंनी मजकूर पुन्हा एकदा वाचून सही केली.
साक्षीदार: दातांचे डॉक्टर, त्यांच्याकडची नर्स
स्थळ: दातांचा दवाखाना, बाईंची दुसरीकडे ओळख नसल्याने
दिनांक: पावसाळ्याआधीचा शेवटचा सोमवार