एका गाठीची दोरी आणि पंचेचाळीस हॉर्सपॉवर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे; कारण पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? लेकीच्या घराला लिफ्ट आहे म्हणजे बरेच असावेत. जावईबापू अजून जेवताना मोठ्याने बातम्या लावतात का? आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. (हे वाक्य पत्राची रीत म्हणून लिहिलं. पुढे वाचशील तसं ते खोटं ठरत जाईल.)

तू जाऊन आज एकवीस दिवस झाले. बागेत गवत कमरेपर्यंत आलं आहे, संत्र्यांची तोडणी तीन आठवड्यांवर आली आहे, आणि ट्रॅक्टर अंगणात उभा आहे. तो तिथून हलत नाही, कारण बागेत तो मावत नाही आणि शेडच्या दारातून त्याचं छप्पर जात नाही. येणारा-जाणारा थांबून विचारतो, "केवढी जमीन आहे हो तुमची?" चार एकर म्हटलं की माणूस आधी ट्रॅक्टरकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता निघून जातो. आयुष्यभर मी लोकांना निरुत्तर करत आलो, पण अशा रीतीने कधीच नव्हतं केलं.

दोष माझ्या उभं राहण्याचा आहे. आपल्या घरात मोठे निर्णय स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती हात वर करून होतात. त्या दिवशी तू बसल्या-बसल्या दोन वाक्यं बोललीस: अठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर, मागे गवत कापायचं यंत्र आणि एक लहान ट्रॉली पुरे, फक्त झाडांच्या ओळींतून जातोय ना ते बघा. मग मी उभा राहिलो. (बसून बोललो असतो तर पाच मिनिटांत आटोपलं असतं. उभा राहिलो की मला समोर मैदान दिसतं.) चाकाच्या शोधापासून सुरुवात केली, वाफेच्या इंजिनावरून वळलो, माणसाच्या वाकलेल्या कण्यावर दहा मिनिटं थांबलो, आणि शेवटी फ्रिजकडे बोट दाखवून सवाल केला की चार एकरवाल्याने स्वप्नंही चार एकरांचीच बघायची का? फ्रिजने उत्तर दिलं नाही. आपल्या दंतवैद्य भावाने टाळ्या वाजवल्या. (तो दिवसभर तोंड उघडं ठेवून गप्प बसलेल्या माणसांत राहतो, त्याला कुणाचंही भाषण आवडतं.) तुझ्या भावजयीने हात वर केला तो मला खाली बसवायला, मी तो मत म्हणून मोजला. तीन विरुद्ध एक. तू "बरं" म्हणालीस, खिळ्यावरची दोरी काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. दोन ओळींमधल्या फांद्या जिथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात तेवढ्या अंतरावर तिला गाठ मारलेली. "ही तेवढी लावून बघ," एवढंच म्हणालीस.

दुकानात गेलो तेव्हा यांत्रिक शेतीवरची सात पुस्तकं सोबत होती, आणि तुझी दोरी त्यांच्या गठ्ठ्याला बांधलेली होती. विक्रेत्याने फॉर्म भरताना विचारलं, ओळींमधलं अंतर किती? मी म्हणालो, प्रश्न अंतराचा नाही, दृष्टीचा आहे. त्याने मान डोलावून रकान्यात "दृष्टी" असं लिहिलं. मग पंचेचाळीस हॉर्सपॉवर आला. त्याच्या मागोमाग माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर आला, खड्डे खणायचं यंत्र आलं, पुढे माती उचलायचं बकेट आलं. दोरी सोडून लावून बघायची तेवढी गडबडीत राहून गेली.

खड्डे खणायच्या यंत्राने आजवर एकच खड्डा खणला, आणि त्यात मी पडलो. (कंबर.) बकेटचा मात्र उपयोग होतो. तुझी भावजय त्याला तार बांधून कपडे वाळत घालते. म्हणते, उंची हवी तशी करता येते. माझ्या दूरदृष्टीचं घरात झालेलं हे एवढंच कौतुक.

विनोद पुरे करतो. त्या सकाळी मी ट्रॅक्टर तिसऱ्या ओळीत घातला तेव्हा दाजींनी गेल्या वर्षी तुझ्याबरोबर बांधलेली ती तीन कलमं तिथे आहेत हे मला माहीत होतं. ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं हेही माहीत होतं. पहिली फांदी मोडली तेव्हा थांबायला हवं होतं. मला वाटलं, पुढे वाट रुंद होईल. माझ्या भाषणांत ती नेहमी होते. तू मागून आलीस, मोडलेल्या फांद्या एकेक उचलल्यास, हातावर घेतल्यास आणि घरात गेलीस. ओरडली असतीस तर मी उत्तर दिलं असतं. दुपारी तुझी पिशवी भरलेली होती.

दोन कलमांना जोडाखाली फुटवे आले आहेत. ते राखायचे की खुडायचे, आम्हांला कळत नाही. तिसऱ्याबद्दल मी काही बोलू शकत नाही. (मी. बोलू शकत नाही.) लेक तुला कायमची ठेवून घ्यायचं म्हणते असं ऐकलं. तिचं बरोबर आहे. तिच्या घरात तुझ्या दोन वाक्यांना कुणी चाळीस मिनिटांचं उत्तर देत नसेल.

तुझा,
भोंगा
(हे नाव तू मला सातव्या वर्षी दिलंस. आजवर मी ते कौतुक समजत होतो.)

ता. क. विक्रेता ट्रॅक्टर परत घेऊन छोटा द्यायला तयार आहे. पण जमीन तुझ्या नावावर आहे, म्हणून पहिल्या वेळेसारखीच तुझी सही लागेल. पत्र यासाठीच लिहिलं असं तुला वाटेल. निम्मं खरं आहे. सही टपालानेही चालते, हे मी विक्रेत्याला दोनदा विचारून घेतलं आहे. मला हवी आहेस ती तू.

ता. क. २. वर दोरीबद्दल लिहिलं ते खोडून वाच. राहून गेली नव्हती. दुकानात विक्रेता पाणी आणायला गेला तेव्हा मी गठ्ठा सोडून ती ट्रॅक्टरला लावून बघितली होती. चाकं गाठीच्या वीतभर बाहेर होती. मी दोरी पुन्हा पुस्तकांना बांधली, कारण घरी माझं बोलून झालं होतं. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

ता. क. ३. विक्रेता बुधवारी छोटा ट्रॅक्टर दाखवायला आणतो आहे. त्याला सांगितलं आहे की बोलणं सगळं माझी बहीण करेल. तो घाबरत म्हणाला, "आणि तुम्ही?" मी म्हणालो, मी दोरीचं दुसरं टोक धरेन.