दुधात पाच सूत

मिस्त्री, पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही होता तोवर आपण दिवसभर एकाच कारखान्यात लाकडाच्या ढलप्यांत बसायचो, लिहायचं कारण नव्हतं. आणि तुम्हाला वर जाऊन तीसहून जास्त वर्षं झाली, तेव्हापासून पत्ता नाही. आज अडलोय म्हणून बसलो. अडल्यावरच आठवण येते तुले, असं म्हणाल. म्हणा.

गुडघे गेल्यापासून मी मलकापुरात एका प्रशिक्षण केंद्रात सुतारकाम शिकवतो. तिथे गणितात अडकलेली मोठी माणसं येतात. गणिताच्या मॅडमनी ठरवलं, यांना अपूर्णांक वहीत नको, लाकडावर शिकवायचे, आणि शिकवायचे मी. सातवीत अपूर्णांकांनीच मला पाडलं होतं. दोन दिवस मी मॅडमना टाळलं. मग मॅडमनी फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद आठ लिहिलं, आणि मला तुमचा कारखाना दिसला.

मी वीस वर्षांचा आहे. फळी कापून आणलीय, आखूड. तुम्ही कानावरची पेन्सिल काढता आणि माझ्या कपाळावर आडवी रेघ मारता. "काऊन बे, अर्धा इंच आन् वर एक सूत जास्तीचं ठेव म्हनलं होतं ना तुले?" "हो." "अर्ध्या इंचात सूत किती?" मी बोटं मोजायला लागतो. "चार! इंचाले आठ सूत. चार आन् एक?" "पाच." "झालं ना मंग! यात रडाचं काय हाय?" ती रेघ कपाळावर घेऊन मी बसस्टँडपर्यंत गेलो, कुणी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमचा जुना टेप दिला, पहिला इंच तुटलेला. मोजायचं आणि एक वजा करायचं. माझी वजाबाकी तिथं पक्की झाली.

तर फळ्यावरचा तो आठवा भाग म्हणजे आपलं सूत, हे कळल्यावर मी सुटलोच. सगळ्यांना सुतात शिकवलं. अमडापूरहून एक बाई येते, पस्तिशीची, गणितात दोनदा नापास. या खेपेला पास झाली तरच पुढच्या वर्गाला प्रवेश. घरचे पुन्हा पाठवणार नाहीत. तिची चौकट अशी काटकोनात बसते की मी उगाच तीनदा गुण्या लावून कोन बघतो. परवा परीक्षा देऊन ती हसत आली.

"काका, लय सोपा पेपर होता! अर्धा लिटर दुधात एक अष्टमांश लिटर पानी टाकलं, तं समदं मिळून किती, असं इचारलं होतं."

"मंग?"

"पाच सूत!"

मॅडम बाकावर बसल्याच. "काका, दूध सुतात मोजतात का हो?"

मी म्हणालो, "मोजत नाहीत. पन इंचाचे आठ भाग तसे लिटरचेबी आठ. हिशेब कुठं चुकला?"

बाईचं हसू गेलं. "बरोबर हाय ना, काका?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

पेपर तपासणारे बाहेरचे आहेत. मॅडम म्हणाल्या, सूत म्हणजे आठवा भाग असा अर्ज शिकवणाऱ्यानं सोमवारच्या आत द्यावा, स्वतःचं शिक्षण लिहून. मी अर्ज लिहिला. शिक्षणापुढे 'सातवी नापास' लिहिलं. सही करायला गेलो आणि भलतीच शंका आली. इंचाले आठ सूत, हे मला फक्त तुम्ही सांगितलंय. मी जन्मभर दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. सगळ्या मुलखात सूत तेवढंच असतं, की आपल्याच कारखान्यात? आता कुण्या सुताराला विचारावं तर तो म्हणेल, बुवा, मग इतकी वर्षं दारं कशी बसवली?

हे पत्र पेटीत टाकणार नाही, पोस्टमन हसेल. पण सही अजून राहिलीय आणि ती बाई रोज विचारते. कसंही करून सोमवारच्या आत कळवा.